पोटातल्या बाळाचा हिस्सा

(दिवा पूर्व येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘पर्यावरणाचे निर्णय आणि पुढच्या पिढ्यांचे हक्क’. मी वकील नाही, आलिम नाही, पर्यावरणाचा अभ्यासकही नाही. मी इंजिनीअर आहे, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि सकाळी तुमच्यासारखाच दिवा स्टेशनवर लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधतो. त्यामुळे मोठमोठ्या गोष्टींपासून सुरुवात करण्यापेक्षा मी माझ्या घरापासून करतो.

२०१४ साली मी दिव्यात फ्लॅट घेतला. नोकरीला चार वर्षं झाली होती, लग्न ठरत होतं. मुंब्य्रात आम्ही भाड्यानं राहत होतो. ठाण्यात, डोंबिवलीत बघितलं. कुठे भाव परवडला नाही, कुठे नाव ऐकल्यावर फ्लॅट ‘आधीच बुक’ निघाला. हा अनुभव इथे बसलेल्या बऱ्याच जणांना असेल. दिव्यात दोन्ही अडचणी नव्हत्या. शिवाय आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आणि सावंतवाडी पॅसेंजर दिव्याहून सुटते, म्हणून अब्बा खूश. एजंटने सांगितलं, “पेपर क्लिअर आहेत.” मी मान डोलावली आणि टोकन दिलं.

पाच-सहा वर्षांनी, एका पावसाळ्यात तळमजल्यावरच्या चाचांच्या घरात तिसऱ्यांदा पाणी शिरलं. पलंगाखाली विटा लावायला आम्ही सगळे खाली उतरलो होतो. त्या रात्री मी सहज गूगल अर्थ उघडलं. त्यात जुनी उपग्रहचित्रं बघायची सोय आहे, वर्षांची पट्टी मागे-पुढे सरकवता येते. मी ती मागे नेली. आमची बिल्डिंग दिसेनाशी झाली. तिच्या जागी आधी लालसर मातीचा भराव दिसला. आणखी मागे गेलो, तर सगळं हिरवं. खाडीचा एक फाटा आत आलेला आणि दोन्ही बाजूंना तिवरं.

आमच्या मागच्या चाळीत एक आगरी आजोबा राहायचे. त्यांना मी मोबाईलवर ते चित्र दाखवलं. ते म्हणाले, “हितं आमी चिंबोऱ्या पकडायचो.” बस, एवढंच म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. जे मी दहा मिनिटांत शोधलं, ते फ्लॅट घेण्याआधीही दहा मिनिटांतच सापडलं असतं. माझ्याकडे डिग्री होती, कॉम्प्युटर होता, इंटरनेट होतं. नव्हती ती फक्त बघायची इच्छा. यात बिल्डरचा दोष आहे, एजंटचा आहे, पण आज मी माझ्या दोषाबद्दल बोलणार आहे, कारण तो मला नीट माहीत आहे.

आता विषयाकडे येतो. जो अजून जन्मालाच आला नाही, त्याला हक्क कसा असेल? हा प्रश्न कॉलेजात कुणीतरी हमखास विचारतो. तो बरोबरच आहे. ज्याला मत नाही, आधार कार्ड नाही, जो कोर्टात उभा राहू शकत नाही, त्याचा हक्क कुणी मागायचा?

पण आपल्या घरांमध्ये याचं उत्तर फार जुनं आहे. एखादा माणूस वारला आणि त्याची बायको गरोदर असेल, तर वारसाहक्काची वाटणी करताना पोटातल्या बाळाचा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. ‘बाळ तर अजून आलंच नाही, आम्ही सगळं वाटून घेतो’ असं मोठे भाऊ म्हणू शकत नाहीत. बाळ जिवंत जन्मलं की हिस्सा त्याचा. हिंदू वारसा कायद्यातही पोटातल्या बाळाचा हक्क मानलेला आहे. म्हणजे जो अजून बोलू शकत नाही त्याचा हिस्सा राखून ठेवायचा, ही कल्पना आपल्या दोन्ही शेजारी घरांना ठाऊक आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ती नऊ महिन्यांवरून पन्नास वर्षांपर्यंत ताणता येते का?

ती ताणली गेली आहे, आणि चौदाशे वर्षांपूर्वी. हजरत उमर यांच्या काळात इराकचा सवाद नावाचा सुपीक प्रदेश जिंकला गेला. सैनिकांचं म्हणणं होतं, ही जमीन आमच्यात वाटून टाका. मागणी रूढीला धरून होती. हजरत बिलाल यांच्यासारखे आदरणीय लोक त्या बाजूला होते. हजरत उमर यांनी नकार दिला. त्यांचा मुद्दा असा, की आज जमीन वाटली तर नंतर येणाऱ्यांना काय उरेल? खूप दिवस चर्चा झाली, लोक नाराज झाले. शेवटी त्यांनी सूरह हश्रमधल्या त्या आयतींचा आधार घेतला, जिथे संपत्तीचे हक्कदार सांगताना मुहाजिर आणि अन्सार यांच्यानंतर, त्यांच्या मागून येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली आणि तिचा महसूल सगळ्यांसाठी, पुढच्यांसाठीही, राखला गेला. इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये ही हकिकत आहे.

हे मी आपला इतिहास किती थोर, असं म्हणायला सांगत नाही. यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हातात असलेल्या माणसांचा दबाव होता, त्यांची मागणी खोटी नव्हती, आणि तरी गैरहजर माणसांच्या बाजूने निर्णय झाला. वक्फचीही रचना हीच आहे. मालमत्ता विकायची नाही, मुतवल्ली हा मालक नाही, आणि लाभ घेणारे अजून जन्मायचे आहेत. त्याच वक्फच्या जमिनींचं आपल्याच काही मुतवल्लींनी काय केलं, हेही आपल्याला माहीत आहे. अमानत हा शब्द तोंडात असणं आणि अमानत सांभाळणं यांत फार अंतर आहे. माझा फ्लॅट त्याच अंतरात उभा आहे.

आता आपल्या देशाचा कायदा बघू. राज्यघटनेच्या कलम ४८-क मध्ये पर्यावरण जपणं हे राज्याचं काम सांगितलं आहे आणि कलम ५१-क मध्ये ते नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात, म्हणजे तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणाच्या खटल्यात, खबरदारीचं तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं. त्याच वर्षी कमलनाथ प्रकरणात न्यायालय म्हणालं, की नदी, किनारा, जंगल यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मुतवल्ली. आणि मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क न्यायालयाने कलम १४ आणि २१ मध्ये वाचला.

सगळ्यात जवळचं आणि हिशेबी उदाहरण गोव्याचं आहे. लोहखनिज एकदा काढलं की संपलं, ते पुन्हा उगवत नाही. एप्रिल २०१४ मध्ये गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खनिजाच्या विक्रीतले १० टक्के एका कायम निधीत टाका. हा निधी पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायासाठी. मला इंजिनीअर म्हणून हे आवडतं. ‘पुढच्या पिढीचा विचार करा’ हे वाक्य कुणीही बोलतं. इथे त्या वाक्याला एक आकडा आणि एक खातं मिळालं.

मुलांनी स्वतः दार ठोठावल्याचंही उदाहरण आहे. उत्तराखंडची रिद्धिमा पांडे २०१७ मध्ये, नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०१९ मध्ये तिचा अर्ज निकाली काढला गेला. सरकार आपले करार पाळत नाही असं मानण्याचं कारण नाही, असा लवादाचा सूर होता. पण २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तरुणांचं म्हणणं मान्य केलं. तिथल्या हवामान कायद्याने २०३० पर्यंत सोपा रस्ता ठेवला होता आणि अवघड काम त्यानंतरच्या लोकांवर ढकललं होतं. न्यायालय म्हणालं, हे आजच्या तरुणांच्या उद्याच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण आहे.

आमच्या धंद्यात याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतात. तांत्रिक उधारी म्हणा. रिलीजची तारीख जवळ आली की आपण कोडमध्ये जुगाड करतो. ‘नंतर नीट करू’ अशी एक ओळ लिहून ठेवतो. शाबासकी आपल्याला मिळते. तीन वर्षांनी कुणीतरी नवीन पोरगा रात्री दोन वाजता ते निस्तरत बसतो, आणि आपण तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत. आमच्या बिल्डिंगचा बिल्डरही आता दिव्यात राहत नाही.

अजून एक हिशेब सांगतो, कारण तो फार कमी लोकांना माहीत असतो. मोठे प्रकल्प तपासताना खर्च आणि फायदा मांडतात. त्यात भविष्यातल्या रुपयाची किंमत दरवर्षी काही टक्क्यांनी कमी धरायची पद्धत आहे. समजा दर १० टक्के धरला. मग पन्नास वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानाची आजची किंमत किती येते? सुमारे ८५ पैसे. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या हवामान अहवालात साधारण १.४ टक्के दर धरला. त्या दराने त्याच १०० रुपयांची किंमत ५० रुपये येते. नुकसान तेच, मुलं तीच. एका खान्यातला आकडा बदलला आणि ती मुलं ८५ पैशांची की ५० रुपयांची हे ठरलं. असे खाने कोण भरतं, हे विचारणं म्हणजेच पुढच्या पिढ्यांच्या हक्काबद्दल विचारणं.

आता परत दिव्यात या. आपल्याकडे अशी आकडेमोडही झाली नाही, सरळ कचरा ओतला गेला. ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं दिव्यात आला. २०२३ च्या सुरुवातीला ते बंद झालं. तो धूर, तो वास, बंद खिडक्या, इथे कुणाला वर्णन करून सांगायची गरज नाही. नंतर या प्रकरणात महापालिकेला सुमारे १० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली गेली. पण कचरा टाकणं बंद झालं म्हणजे टाकलेला कचरा नाहीसा झाला असं नाही. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात मिथेन तयार होत राहतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. खालून झिरपणारं काळं पाणी खाडीकडे जातं. आणि दिव्याचा कचरा पुढे कुठे गेला? भंडार्लीला. तिथल्या गावकऱ्यांनीही विरोध केला. म्हणजे आपण सुटलो आणि दुसरं कुणीतरी अडकलं. असा सुटकेचा आनंद मला नको आहे.

कल्याणचा आधारवाडीचा डोंगर आठवा. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या होत्या. जुन्या कचऱ्याची सोय नाही तर नवी घरं कशी वाढवता, हा साधा प्रश्न होता. बंदी वर्षभराने उठली. डम्पिंग बंद व्हायला २०२१ उजाडलं.

तिवरांबाबत कायदा याहून स्पष्ट आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाज छागला यांच्या खंडपीठाने संपूर्ण राज्यात कांदळवन तोडायला मनाई केली. कांदळवन नष्ट करणं हा कलम २१ चा भंग आहे, त्याभोवतीचे ५० मीटर राखायचे, आणि जिथे नष्ट झालं आहे तिथे ते पुन्हा उभं करणं ही सरकारची जबाबदारी. कारण समजायला सोपं आहे. तिवरं भरतीचा जोर मोडतात, गाळ धरतात, माशांची पिल्लं सांभाळतात, आणि जमिनीत कार्बन साठवतात. त्यांच्यावर भराव टाकला की पाणी नाहीसं होत नाही, शेजारी जातं. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवासी होड्यांनी काढले. ती उल्हास नदी. तीच नदी खाली येऊन आपल्या दिव्याच्या खाडीला मिळते. वरून नदीचं पाणी, खालून भरती, आणि मधली स्पंजासारखी जागा आपण विकत घेतली.

इथे माझा एक मित्र नेहमी चिडतो. तो म्हणतो, “यार, आज डोक्यावर छप्पर नाही आणि तू न जन्मलेल्यांचं सांगतोस? श्रीमंतांनी बंगले बांधून झाले, आता गरिबाच्या वेळी पर्यावरण आठवलं?” या रागात तथ्य आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. बनावट कागदांवर रेराची नोंदणी मिळवलेल्या इमारती. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. २०२५ मध्ये शीळच्या खान कंपाऊंडमध्ये २१ इमारतींचं तेच झालं. भर पावसाळ्यात सामान रस्त्यावर. ती मुलंही पुढचीच पिढी होती ना?

मी मित्राला एवढंच सांगतो, की आपल्याला तिवरांवर घर देणाऱ्याने आपल्यावर मेहेरबानी केली नाही. त्याने स्वस्तात जमीन बळकावली, महागात विकली, आणि धोका आपल्या मुलांच्या नावावर करून निघून गेला. पुढच्या पिढीचा हक्क तोडणारा आणि आजच्या गरिबाला फसवणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. म्हणून आपली मागणीही एकच असायला हवी. भराव थांबवा, आणि फसलेल्या कुटुंबांना पर्यायी घर द्या. यातली फक्त पहिली मागणी केली तर आपण निष्ठुर ठरू. फक्त दुसरी केली तर पुढच्या वर्षी आणखी ६५ इमारती उभ्या राहतील.

वरच्या पातळीवरही हीच ओढाताण चालू आहे. ‘आधी बांधा, मग पर्यावरण मंजुरी घ्या’ ही पद्धत मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर बेकायदा ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला गेला. पूर्ण झालेले मोठे प्रकल्प पाडले तर जनतेच्या पैशाचं फार नुकसान होईल, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी असहमती नोंदवली. दिव्यातला बिल्डर ज्या भरवशावर जगतो, तो भरवसा मोठ्या पातळीवरही तसाच आहे. एकदा उभं राहिलं की कोण पाडतं?

मग आपण काय करायचं? मोर्चा काढणं सोपं आहे, मी कंटाळवाणी कामं सांगतो. एक, घर घेण्याआधी जुनी उपग्रहचित्रं, विकास आराखडा, सीआरझेडचा नकाशा आणि महारेराची नोंद बघा. महारेराचा नंबर आहे म्हणून थांबू नका, त्या ६५ इमारतींकडेही तो होता. नंबरामागची परवानगी महापालिकेत विचारून घ्या. नात्यात कुणी घर घेत असेल तर त्याच्यासाठीही बघा. दोन, विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. तो मागा आणि वाचा. आपल्या वस्तीतून हरकती जात नाहीत, म्हणून कचरा आपल्याकडे येतो. तीन, भराव दिसला तर तारीख असलेला फोटो काढा. वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे, कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयाने नेमलेली समिती आहे. हरित लवादाकडे जायचं तर साधारण सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नका. चार, जुम्म्याच्या दिवशी मशिदीबाहेर पाच माणसं थांबली तरी या विषयाची एक टीम होते. तिच्यात आगरी-कोळी शेजाऱ्यांना घ्या. खाडी त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटचं. आमच्या बिल्डिंगच्या मागे उरलेल्या तिवरांवर या वर्षी पुन्हा डंपर येऊ लागले आहेत. मी अर्ज लिहिला आहे. सोसायटीतल्या लोकांनी मला बसवून समजावलं. तळमजल्यावरचे चाचा म्हणाले, “बेटा, तू अर्ज केलास तर पहिली आपलीच बिल्डिंग मोजतील. कुठे जाणार आपण?” माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. आजही नाही. बायकोने विचारलं, हप्ते अजून नऊ वर्षं आहेत, माहीत आहे ना? माहीत आहे.

पण माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिने गूगल अर्थची ती पट्टी सरकवून पाहिली आहे. हिरवं, मग लाल, मग आपलं घर. तिने विचारलं, “अब्बा, हे तुम्हाला माहीत होतं?” मी म्हटलं, तेव्हा नव्हतं. पुढच्या भरावाबद्दल मला तसं म्हणता येणार नाही.

अर्ज तिकडे टेबलावर ठेवला आहे. दीड पान आहे, मराठीत. त्यात भराव थांबवण्याची मागणी आहे आणि राहणाऱ्यांच्या पुनर्वसनाचीही. वाचा. पटला तर सही करा. नाही पटला तर कुठे चुकलं ते मला आजच सांगा, सोमवारी मी तो देणार आहे.